थिऑसॉफीतली मूलवंशांची थिअरी कशी वाचायची, गोंधळ न होता

थिऑसॉफीत (एकोणिसाव्या शतकात निघालेली एक आध्यात्मिक, गूढवादी चळवळ) माणसाच्या उत्पत्तीबद्दल काय म्हटलंय हे शोधायला गेलं की सगळ्यात आधी हाताला लागतं ते लेमुरिया आणि अटलांटिस हे बुडाले असं सांगितले जाणारे खंड, वीस-वीस फुटी माणसं आणि तिसरा डोळा. मग तिथेच लोकांचे दोन गट पडतात, एक गट म्हणतो हे सगळं खरंय आणि सायन्सवाले लपवतायत, दुसरा म्हणतो काहीतरीच आहे आणि पुस्तक मिटतो. गंमत अशी की दोघांनीही मूळ मांडणी वाचलेली नसते, कारण ती लेमुरियापासून सुरूच होत नाही. लेमुरिया म्हणजे मधला एक टप्पा आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी इंटरेस्टिंग टप्पा आहे. तर हे वाचायचं कसं, कुठल्या क्रमाने आणि कशाकडे संशयाने बघायचं, ते सांगतो. मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण नाकारायचं असेल तरी आधी नीट समजून नाकारलेलं बरं.

पहिलं काम, पुस्तक उघडायच्या आधी वहीत वर्षं लिहून काढा. 1875 ला न्यूयॉर्कमध्ये हेलेना ब्लाव्हॅट्स्की, कर्नल ऑलकॉट आणि विल्यम जज वगैरे मंडळींनी थिऑसॉफिकल सोसायटी काढली. 1879 मध्ये ब्लाव्हॅट्स्की आणि ऑलकॉट मुंबईत उतरले, 1882 च्या शेवटी मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. 1883 मध्ये ए. पी. सिनेट नावाच्या इंग्रज संपादकाचं ‘एसोटेरिक बुद्धिझम’ आलं, ज्यात ही फेऱ्यांची आणि मूलवंशांची (म्हणजे मानवजातीच्या एकामागून एक येणाऱ्या सात टप्प्यांची) स्कीम पहिल्यांदा सलग मांडली गेली, हा माणूस अलाहाबादच्या ‘पायोनियर’चा संपादक होता आणि त्याचं म्हणणं की ही माहिती त्याला महात्म्यांच्या, म्हणजे सोसायटी ज्यांना आपले गुप्त गुरू मानायची त्यांच्या, पत्रांतून मिळाली. 1888 मध्ये ब्लाव्हॅट्स्कीचं ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ दोन खंडांत. 1896 आणि 1904 मध्ये स्कॉट-इलियट या थिऑसॉफिस्टची अटलांटिस आणि लेमुरियावरची दोन छोटी पुस्तकं, आणि 1913 मध्ये सोसायटीचे पुढचे नेते अॅनी बेझंट आणि लेडबीटर यांचं ‘मॅन: व्हेन्स, हाऊ अँड व्हिदर’.

हे कशासाठी लिहायचं? कारण "थिऑसॉफी असं म्हणते" हे वाक्यच फसवं आहे. कोण म्हणतं आणि कधी म्हणतं ते बघावंच लागतं. एक उदाहरण देतो, सिनेटने लिहिलं की मंगळ आणि बुध हे पृथ्वीच्याच साखळीतले गोल आहेत (साखळी म्हणजे काय ते खाली येईल). 1888 मध्ये ब्लाव्हॅट्स्कीने स्पष्ट लिहिलं की नाही, सिनेटचा गैरसमज झालाय, मंगळ-बुधाचा आपल्या साखळीशी असा संबंध नाही. ती वारल्यावर (1891) बेझंट आणि लेडबीटर परत सिनेटच्या बाजूला गेले. म्हणजे एकाच संस्थेत वीस-तीस वर्षांत एकाच मुद्द्यावर दोन उलटी उत्तरं. त्यामुळे प्रत्येक दाव्यापुढे कंसात नाव आणि वर्ष टाकायची सवय लावून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

आता पुस्तक. थेट ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ घ्या पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या भानगडीत पडू नका, साधारण दीड हजार पानं आहेत आणि लेखिका मुद्दा सोडून कुठेही भटकते. पहिला खंड विश्वाच्या उत्पत्तीचा, दुसरा माणसाच्या. आपल्याला दुसरा हवाय, पण पहिल्याची प्रस्तावना चुकवू नका कारण तिथे तीन पायाभूत मुद्दे दिलेत: एक, सगळ्याच्या मुळाशी एक न कळणारं, शब्दांत न येणारं तत्त्व आहे; दोन, विश्व ठराविक काळाने उत्पन्न होतं आणि लयाला जातं, भरती-ओहोटीसारखा नियम; तीन, प्रत्येक जीव त्या एकाच परमात्म्याचा अंश आहे आणि त्याला सगळ्या रूपांमधून जाण्याचा प्रवास करावाच लागतो. आपल्याकडच्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही, वेदांत आणि पुराणं थोडीफार कानावर असतील तर हे ओळखीचंच वाटेल. आणि तोच धोका आहे, ओळखीचं वाटलं म्हणून पुढचं सगळं आपल्याच पुराणातलं आहे असं समजू नका, ते कसं ते खाली हिशोबात येईलच.

आवृत्तीबद्दल एक छोटी गोष्ट. 1888 ची पहिली आवृत्ती, मग 1893 ची सुधारलेली, मग 1938 ची अड्यारची सहा भागांतली, प्रत्येकीचे पान नंबर वेगळे. अभ्यासक बहुतेक वेळा 1888 चे नंबर देतात. संदर्भ सापडत नसेल तर पुस्तक खोटं बोलतंय असं समजण्याआधी आवृत्ती चेक करा.

दुसऱ्या खंडाचे तीन भाग आहेत. पहिल्यात ‘झ्यान’ नावाच्या ग्रंथातले 12 अध्याय, एकूण 49 श्लोक, आणि त्यावरची टीका. दुसऱ्यात प्रतीकांची चर्चा. तिसऱ्यात त्या काळच्या सायन्सशी भांडण. आधी फक्त श्लोक वाचा, टीका न वाचता, थोडीच पानं आहेत. काही कळणार नाही, चालेल, फक्त क्रम लक्षात राहू द्या. मग सुरुवातीच्या टिपा वाचा. तिसरा भाग शेवटी ठेवा, त्यात हेकेल या जर्मन शास्त्रज्ञावर इतकी आगपाखड आहे की मूळ विषय हरवून जातो, पण वाचायला मजा येते हे खरं. आणि हो, झ्यानचं मूळ हस्तलिखित आजवर कुठल्याही संशोधकासमोर आलेलं नाही, ज्या ‘सेन्झर’ भाषेत ते आहे असं ती सांगते ती भाषा भाषाशास्त्राला माहीत नाही. हे मनात ठेवूनच वाचायचं, दर पानाला चिडत बसायचं नाही.

आता खरा महत्त्वाचा भाग, आणि इथेच बहुतेक लोक उडी मारून पुढे जातात. आधी फेरे, मग वंश. उलटं करू नका.

कागदावर इंग्रजी यू अक्षरासारखी आकृती काढा. डाव्या बाजूला वरून खाली तीन गोल, तळाला एक, उजव्या बाजूला खालून वर तीन. एकूण सात, हीच ती साखळी. तळातला चौथा गोल म्हणजे आपली पृथ्वी, म्हणजे सगळ्यात जड, सगळ्यात घन. बाकीचे सहा गोल डोळ्यांना दिसणारे नाहीत, ते सूक्ष्म पातळीवर आहेत असं म्हणणं आहे (म्हणूनच मंगळ-बुधाचं भांडण इतकं महत्त्वाचं होतं). जीवांचा प्रवाह पहिल्या गोलापासून सातव्यापर्यंत जातो तो एक फेरा. असे सात फेरे. सात खोल्यांचं घर सात वेळा फिरायचं, आणि दर वेळी त्याच खोलीत काहीतरी नवीन शिकायचं, असं समजा. आपण सध्या चौथ्या फेऱ्यात चौथ्या गोलावर आहोत, म्हणजे अख्ख्या प्रवासाच्या बरोबर तळाला. आणि प्रत्येक गोलावरच्या मुक्कामात सात मूलवंश होतात. अटलांटिस, लेमुरिया वगैरे जे काही ऐकलंय ते सगळं या एका मुक्कामातलं आहे, चौथ्या फेऱ्यातल्या चौथ्या गोलावरचं. त्याच्या आधी तीन फेरे होऊन गेलेत ज्यांचा विचारच कोणी करत नाही.

हे कळलं की एक मोठा प्रश्न आपोआप सुटतो. थिऑसॉफीत उत्क्रांती म्हणजे फक्त खालून वर चढणं नाही. आधी उतरण, मग चढण. चैतन्य हळूहळू जडात उतरतं, शरीर घट्ट होत जातं, आणि तळाला पोचल्यावर परत वर जायला लागतं. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 चं, ‘डिसेंट ऑफ मॅन’ 1871 चं, म्हणजे ही सगळी मांडणी त्या वादाच्या ऐन गरमीत लिहिली गेलीये. ब्लाव्हॅट्स्की उत्क्रांती नाकारत नाही, हे नीट लक्षात घ्या, ती म्हणते तुम्ही फक्त शरीराची अर्धी गोष्ट सांगताय.

आणि इथे त्या थिअरीचा गाभा येतो, माझ्या मते यासाठीच हे पुस्तक वाचावं. तिच्या म्हणण्यानुसार माणूस म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रवाहांचा संगम आहे. एक प्रवाह मोनॅडचा, म्हणजे तो मूळ चैतन्याचा ठिपका जो खनिज, वनस्पती, प्राणी अशा सगळ्या अवस्थांतून आलाय. दुसरा शरीराचा, जो चंद्र-पितरांनी (चंद्राच्या साखळीतून आलेल्या पूर्वजांनी) दिला. तिसरा बुद्धीचा, जो मानसपुत्रांनी दिला. तिन्हींचे नियम वेगळे, वेग वेगळा, आणि ते तिन्ही एका ठिकाणी येतात तेव्हा माणूस होतो. म्हणजे शरीर कितीही सुधारलं तरी त्यातून आपोआप मन तयार होत नाही, मन बाहेरून, आधीच्या कुठल्यातरी सृष्टीत तयार झालेल्या जीवांकडून आलं. हे पटो न पटो, पण पुढचं सगळं (पहिल्या वंशांना मन का नव्हतं, तिसऱ्यात एकदम काय झालं, माकडं कुठून आली) या एका मुद्द्यावर लटकलेलं आहे. वहीत तीन रेघा मारा आणि वाचताना प्रत्येक वाक्य कुठल्या रेघेबद्दल आहे ते बघत चला. "माणूस 30 कोटी वर्षांपूर्वी होता" असं वाक्य आलं तर विचारा, मोनॅड होता, छाया होती, की हाडामांसाचा माणूस होता? बऱ्याचदा उत्तर पहिलं किंवा दुसरं असतं.

दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला ती तीन दावे करते ते पण इथेच लिहून घ्या: पृथ्वीच्या सात भागांवर माणसांचे सात गट एकाच वेळी निर्माण झाले, स्थूल देहाच्या आधी सूक्ष्म देह झाला, आणि या फेऱ्यात माणूस सगळ्या सस्तन प्राण्यांच्या आधी आला. तिसरा दावा सायन्सच्या थेट विरोधात आहे आणि तिला ते चांगलंच माहीत होतं.

आता वंश. पटापट सांगतो कारण यादी कुठेही मिळते, महत्त्वाचं काय ते बघा.

पहिला मूलवंश, छायारूप. बर्हिषद पितरांनी, म्हणजे चंद्राच्या साखळीतून आलेल्यांनी, स्वतःच्या छाया बाहेर टाकल्या, तेच यांचे देह. हाडं नाहीत, मन नाही, मरण पण नाही, कारण मरायला शरीरच नाही. जागा ध्रुवाकडची, तिला ती अविनाशी पवित्र भूमी म्हणते. दुसरा वंश हायपरबोरियन, उत्तरेकडचा, यांचा जन्म घामाच्या थेंबासारखा, म्हणजे स्वेदज. इथे अंडज, स्वेदज हे शब्द आपल्याकडच्या ग्रंथांतून उचललेत पण तिकडे ते प्राण्यांचे वर्ग आहेत, इकडे तिने त्यांचा काळक्रम करून टाकलाय. हे पुस्तकभर दिसेल, जुना शब्द आणि नवी जागा.

तिसरा लेमुरियन, इथे थांबा, सगळं नाटक इथेच आहे. सुरुवातीला अंड्यातून जन्म, मग एकाच देहात स्त्री-पुरुष दोन्ही, मग लिंगभेद होतो, आणि याला ती साधारण 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा काळ देते. शरीर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घट्ट होतं. आणि मग मानसपुत्र उतरतात. पण सगळ्यांत सारखे नाही, काहींमध्ये पूर्ण उतरतात, काहींमध्ये नुसती ठिणगी टाकतात, काहींच्या बाबतीत थांबून राहतात. जे मनाशिवाय राहिले त्यांनी प्राण्यांशी संबंध केले आणि त्यातून, आणि पुढे चौथ्या वंशातल्या तशाच प्रकारांतून, वानर आले असं ती सांगते. म्हणजे माकडापासून माणूस नाही, माणसापासून माकड. डार्विनला दिलेलं उत्तर म्हणून हे किती मुद्दाम उलटं केलंय ते बघा. तिसरा डोळा पण याच काळातला, पुढे तो आत गेला आणि मेंदूतली पिनियल ग्रंथी म्हणून उरला, आणि पुराव्यासाठी ती न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याचं उदाहरण देते, ज्याच्या डोक्यावर खरंच तसा डोळ्याचा अवशेष असतो. तुआतारा खरा, पिनियलचं त्या अवयवाशी नातं खरं, पण त्यावरून माणसाला तिसरा डोळा होता हे निघत नाही.

चौथा अटलांटियन, यू आकाराचा तळ. भौतिक शक्ती, विद्या, जादूटोणा, सगळं टोकाला. याच वंशाच्या मध्यावर नवीन मोनॅडना मानवकोटीत यायचं दार बंद झालं, म्हणजे आता या चक्रात प्राण्याचा माणूस होणार नाही, ज्यांना यायचं होतं ते आले. शेवटचा मोठा भाग 8,50,000 वर्षांपूर्वी बुडाला आणि प्लेटो ज्याच्याबद्दल लिहितो ते पोसायडोनिस नावाचं उरलेलं छोटं बेट साधारण 11,000 वर्षांपूर्वी. पाचवा, म्हणजे सध्याचा, ज्याला ती आर्य मूलवंश म्हणते, वय सुमारे 10 लाख वर्षं. सहावा आणि सातवा यायचेत.

हिशोब तपासायला शिका, हे मला वाटतं सगळ्यात उपयोगी काम आहे. दुसऱ्या खंडात ती एका तमिळ पंचांगाच्या आधारे आकडे देते. विश्वाच्या उत्क्रांतीपासून 1887 पर्यंत 1,95,58,84,687 वर्षं. खनिज, वनस्पती, प्राणी तयार व्हायला 30,00,00,000 वर्षं. आपल्या ग्रहसाखळीवर मानव पहिल्यांदा आल्यापासून 1,66,45,00,987 वर्षं. आणि वैवस्वत मन्वंतर, म्हणजे प्रत्यक्ष मानवी काळ, सुरू झाल्यापासून 1,86,18,728 वर्षं. आता कॅल्क्युलेटर घ्या. 30 कोटी आणि 1,66,45,00,987 यांची बेरीज 1,96,45,00,987 येते, म्हणजे एकूण आकड्यापेक्षा 86,16,300 ने जास्त. जुळत नाही. मग पुराणाचा हिशोब करा, वैवस्वत मन्वंतरातली 27 महायुगं संपली, एक महायुग 43,20,000 वर्षांचं, म्हणजे 11,66,40,000, त्यात अठ्ठाविसाव्यातलं कृत, त्रेता, द्वापर मिळून 38,88,000 आणि कलीची पाचेक हजार, एकूण साडेबारा नाही पण बारा कोटींच्या थोडं वर. तिचा आकडा पावणेदोन कोटींच्या आसपास! इतका फरक कसा? कारण तिच्याकडे मनूंची मांडणीच वेगळी आहे, दर फेऱ्याला दोन मनू, एक मूळ मनू आणि एक बीज मनू, सात फेऱ्यांना चौदा. पहिल्या फेऱ्याचे स्वायंभुव आणि स्वारोचिष, दुसऱ्याचे उत्तम आणि तामस, तिसऱ्याचे रैवत आणि चाक्षुष, आणि चौथ्या फेऱ्याचा मूळ मनू वैवस्वत. चौदा मनू पुराणातलेच, पण सात फेऱ्यांत बसवलेले. म्हणून म्हटलं ना, ओळखीचं नाव दिसलं म्हणून ओळखीचा अर्थ धरू नका.

भूगर्भातल्या कालखंडांच्या नावांबाबत तर फारच जपून. 1888 मध्ये पृथ्वीच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नव्हतं, लॉर्ड केल्विनने 1862 मध्ये 2 कोटी ते 40 कोटी वर्षं असा अंदाज दिला होता आणि पुढे 1897 पर्यंत तो 2 ते 4 कोटींवर आणला. किरणोत्सर्गावरून वय काढणं नंतरचं. आज पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं मानलं जातं आणि डायनासोरांचा काळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपला. त्यामुळे ती "1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी, दुय्यम युगात" (म्हणजे डायनासोरांच्या युगात) अशा अर्थाचं लिहिते तेव्हा आजच्या तक्त्यात ते वर्ष आणि ते युग एकत्र बसूच शकत नाहीत. काही उत्साही लोक मग युगाचं नाव धरतात आणि माणूस डायनासोरांबरोबर होता म्हणतात, काही वर्ष धरतात आणि आदिवानरांशी जुळवतात, जे सोयीचं ते. तुम्ही दोन्ही करू नका, "तिच्या तक्त्यात" असं लिहा आणि पुढे जा.

सायन्सशी तुलना करताना तीन प्रश्न विचारायचे, ती काय म्हणाली, तेव्हा तिला हे कुठून मिळालं असेल, आणि आज काय माहीत आहे. लेमुरियावर चालवून बघा. हे नाव थिऑसॉफीचं नाहीच, 1864 मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्कर आणि भारतात सापडणाऱ्या सस्तन प्राण्यांमधलं साम्य समजावायला मध्ये एक बुडालेला खंड असावा असं सुचवलं आणि लेमूर प्राण्यावरून नाव दिलं, हेकेलने तर तो माणसाचं जन्मस्थान असू शकेल असं पण म्हटलं. म्हणजे तेव्हा ते सिरियस सायन्स होतं. ब्लाव्हॅट्स्कीने ते घेतलं आणि पॅसिफिकपर्यंत ताणलं. पुढे भूखंड सरकतात हे वेगेनरने 1912 पासून मांडलं, 1960 च्या दशकात प्लेट टेक्टॉनिक्स पक्कं झालं आणि बुडालेल्या खंडाची गरजच उरली नाही, भारत आणि मादागास्कर एकेकाळी चिकटलेले होते एवढं पुरलं. अटलांटिसचं मूळ प्लेटोच्या दोन संवादांत, आणि 1882 मध्ये अमेरिकेच्या इग्नेशियस डॉनेलीने त्यावर पुस्तक लिहून लाट आणली होती, ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’च्या सहा वर्षं आधी.

बामियानचं उदाहरण तर हमखास बघा. ती लिहिते की अफगाणिस्तानातल्या बामियानच्या पाच मूर्ती म्हणजे पाच वंशांच्या उंचीची नोंद आहे, सगळ्यात मोठी 173 फुटांची पहिल्या वंशाची, मग 120 फुटांची, मग 60 फुटांची, असं कमी होत जाणारं. त्या मूर्ती खऱ्या होत्या, मोठी 55 मीटरच्या आसपास आणि दुसरी 38, म्हणजे फूट पण साधारण बरोबर, पण त्या सहाव्या शतकाच्या आसपासच्या बौद्ध मूर्ती आहेत, आणि तालिबानने 2001 च्या मार्चमध्ये त्या फोडल्या. ईस्टर बेटावरच्या पुतळ्यांचं पण तसंच, ती त्यांना प्राचीन राक्षसी वंशांचं काम मानते, ते गेल्या हजार वर्षांतलं तिथल्याच रापा नुई लोकांचं काम आहे. आणि माणसाबद्दल म्हणाल तर चिंपांझी आणि आपली वाट 60-70 लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, आपल्या प्रजातीचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोतले, सुमारे 3 लाख वर्षांचे. माकडापासून माणूस आला असं आजचं सायन्स म्हणतच नाही, दोघांचा पूर्वज एक होता म्हणतं, त्यामुळे ब्लाव्हॅट्स्कीचा तो उलटा टोला आज लागतच नाही.

आता जो भाग वाचताना तोंड कडू होतं तो. वर सांगितलं ना की मानसपुत्र सगळ्यांत सारखे उतरले नाहीत, त्याचा पुढे वापर कसा होतो ते बघा. टास्मानिया, ऑस्ट्रेलियातल्या काही आदिवासींना ती मागे राहिलेल्या शाखा ठरवते, त्यांच्यात ती ठिणगी पुरती नाही अशा अर्थाचं लिहिते, आणि ते नष्ट होतायत ते नेहमी वसाहतवाल्यांच्या क्रूरपणामुळेच असं नाही, त्यांची वेळ संपली, कर्माचा नियम आहे, असं म्हणते. त्या लोकांचं प्रत्यक्षात काय झालं, रोग, बंदुका, जमिनी हिसकावणं, हे इतिहासात आहे. थिऑसॉफीवाले यावर सांगतात की सोसायटीचं पहिलं उद्दिष्टच वंश, धर्म, लिंग, जात, रंग न बघता विश्वबंधुत्व असं आहे, आणि मूलवंश म्हणजे आजच्या अर्थाचा वंश नाही, तो चेतनेचा टप्पा आहे, प्रत्येक जीव सगळ्या वंशांतून जातो. हे पण खरं आहे, पुस्तकात दोन्ही आहे. एकच वाचून दुसरं झाकू नका. व्हिएन्नात गीडो फॉन लिस्ट आणि लान्झ फॉन लीबेनफेल्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मूलवंशांच्या कल्पना उचलून जर्मन वंशश्रेष्ठत्वाच्या विचारात कालवल्या, तेव्हा उद्दिष्टातलं बंधुत्व त्यांनी सोडून दिलं आणि उतरंड तेवढी घेतली. उतरंड पुस्तकात होती म्हणूनच घेता आली, असं मला वाटतं.

नंतरचे लेखक नंतरच वाचा. स्कॉट-इलियटमध्ये नकाशे आहेत, चित्रासारखी वर्णनं आहेत, बेझंट-लेडबीटरमध्ये तर मूलवंशाच्या मनूचं रोजचं आयुष्य, प्रवास, मागच्या जन्मांत कोण कोणाचा नातेवाईक होता इथपर्यंत तपशील, सगळं दिव्यदृष्टीने बघितलेलं असं सांगून. सहाव्या मूलवंशाची वसाहत कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पावर होईल असं पण त्यात आहे. वाचायला हे ब्लाव्हॅट्स्कीपेक्षा शंभर पट सोपं, म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात आणि मग ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये जे नाहीच ते तिथे शोधत बसतात. रुडॉल्फ स्टायनरचं पण वेगळं ठेवा, तो 1902 पासून सोसायटीच्या जर्मन शाखेचा प्रमुख होता, लेमुरिया-अटलांटिसवर त्याने स्वतःच्या पद्धतीने लिहिलं आणि 1912-13 मध्ये बाहेर पडून अँथ्रोपॉसॉफी काढली. त्याचे शब्द सारखे वाटतील, पण त्याच्या मांडणीत ख्रिस्त मधोमध आहे, जो ब्लाव्हॅट्स्कीत नाही.

आणि तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींची गोष्ट माहीत असेल तर तिचा धागा पण इथेच आहे. नवा उपवंश (मूलवंशाची एक शाखा) येतोय तर त्याच्यासाठी नवा जगद्गुरू यायला हवा अशी बेझंट-लेडबीटरांची धारणा होती, 1909 मध्ये अड्यारला लेडबीटरला हा मुलगा दिसला, 1911 मध्ये त्याच्याभोवती ऑर्डर ऑफ द स्टार उभी राहिली आणि 3 ऑगस्ट 1929 ला हॉलंडमध्ये ओमनला त्याने स्वतःच ती बरखास्त केली. मूलवंशांचं वेळापत्रक प्रत्यक्ष जगात राबवायचा तो प्रयत्न होता. तेव्हा भविष्यातल्या वंशांबद्दल वाचायचं असेल तर 1888 मधलं जे थोडकं आहे तेवढं वाचा, अमेरिकेत नव्या उपवंशाची सुरुवात होतेय वगैरे, आणि 1913 चं पुस्तक घ्यायचं झालं तर आधी 1929 चं ओमनचं भाषण वाचून घ्या, छोटंच आहे.